बुळकांडी कोणीं घालविली?

गेल्या महिन्याभरांत आमच्याकडे कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार अशा वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांनीं विचारली आहे. एक बांधव लिहितात, गांवच्या सप्त्याला आलेले एक बुवा सांगून गेले कीं, विषाणू म्हणून कांहीं वस्तूच जगांत नाहीं. ही सारी औषधवाल्यांनीं उठविलेली हूल आहे. हें खरें काय? दुसरे विचारतात, लंपीची लस टोचली तर बैल औताला निकामी होतो असें मोबाइलवर ऐकलें. तर टोचावी कीं टोचूं नये? तिसरें पत्र एका म्हाताऱ्या बाईनें पोराकडून लिहवून घेतलें आहे. तिनें आपल्या नातवाला गोवराची लस देऊं दिली नाहीं, आणि आतां शेजारच्या वस्तीवर गोवर आल्यामुळें तिच्या पोटांत गोळा उठला आहे. तिला आमचें उत्तर आधींच गेलें: आई, आजच्या आज नातवाला घेऊन उपकेंद्रावर जा. बाकीच्यांस येथें उत्तर देतों, आणि त्या बुवांसही.

बुवांस आमचा पहिला प्रश्न असा. महाराज, बुळकांडी कोठें गेली?

ज्यांचीं हाडें सत्तर-ऐंशी पावसाळे पाहून झिजलीं आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. तरुण पोरांना तो ठाऊक नाहीं, आणि तो ठाऊक नाहीं हीच आजच्या लेखांतली मुख्य गोष्ट आहे. ढोराला ताप भरे, डोळे गळूं लागत, हिरड्यांना व जिभेला फोड येऊन लाळेच्या तारा सुटत, आणि मग अशी हगवण लागे कीं, आठ-दहा दिवसांत धडधाकट बैल गोठ्यांत आडवा होई. आज एका दावणीला, उद्यां दुसऱ्या; पंधरवड्यांत गांवचीं अर्धीं गुरें ओढून नेण्याची पाळी. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली कीं शेतकऱ्याला सावकाराचें दार, आणि एकदां तें दार चढला कीं पुढें जमिनीचें काय होतें हें आमच्या वाचकांस आम्हीं शिकवावयास नको. १८८८ च्या सुमारास हाच रोग आफ्रिकेंत शिरला, तेव्हां हबसाण देशांत नांगराला बैल उरले नाहींत. मागोमाग दुष्काळ पडून माणसेंही लाखांनीं मेलीं.

आपल्या देशांत गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या कमिशनचा रिपोर्ट १८७१ सालीं निघाला. १८८९ सालीं गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली ती कोठें? आपल्या पुण्यांत. पुढें १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास नेली. कारण असले रोग बाटलींत घेऊन भर वस्तींत बसणें धोक्याचें होतें. तेथें एडवर्ड्स नांवाच्या शास्त्रज्ञानें बुळकांडीचा विषाणू एका बकऱ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा पुनः पुनः उतरविला, तेव्हां त्याचें गुरांना मारण्याचें बळ कमी झालें, पण अंगांत प्रतिकारशक्ति उभी करण्याचा गुण राहिला. तीच लस. १९५४ पासून सरकारनें गांवोगांव ती टोचण्याची मोहीम काढली. पुढें आणखी चांगली लस आली, बाजारच्या व वाटेवरच्या गुरांवर नजर बसली, आणि १९९५ नंतर हिंदुस्थानांत बुळकांडीची साथ झाली नाहीं. २००६ सालीं देश रोगमुक्त ठरला आणि २०११ सालीं सारें जग. माणसानें पृथ्वीवरून पुसून टाकलेले रोग आजवर दोनच. एक देवी, दुसरी बुळकांडी.

आतां विचार करा. या चाळीस वर्षांत कोणत्या गोष्टी बदलल्या नाहींत? भगत तेच होते. मरीआईला कोंबडें तसेंच पडत होतें. गांवची इडापिडा गाड्यावर घालून शिवेपलीकडे ढकलण्याची चालही पुष्कळ ठिकाणीं चालूच होती. (त्या गाड्याचें आम्हांस नेहमीं हंसूं येतें. आपल्या शिवेबाहेर गेलेली पीडा शेजारच्या गांवाच्या शिवेंत जाते, आणि शेजारचें गांव तीच पुढें ढकलतें. साथ कशी फिरते हें आमच्या वाडवडिलांस अर्धें कळलें होतें. उरलेलें अर्धें कळलें असतें तर गाडा ढकलणारांनीं आधीं हात धुतले असते.) चारा तोच, गोठा तोच, पाणीही फारसें वेगळें नव्हे. नवी आली ती सुई आणि ढोर डॉक्टर. विषाणू जर थोतांड, तर चाळीस वर्षें सुईनें कोणाला मारलें? आणि जो नव्हताच तो गेला कसा?

देवीचें तर बोलावयासच नको. आपल्या गांवांत कोणी ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिच्या चेहऱ्याकडे पाहा, नाहीं तर तिला विचारा कीं, तुम्हीं भावंडें किती जन्मलां व किती वाढलां. १८०२ सालीं मुंबईंत तीन वर्षांच्या एका मुलीला या देशांतली पहिली देवीची लस टोचली. १९७५ नंतर या देशांत कोणाला देवी आल्या नाहींत आणि १९८० सालीं त्या जगांतून गेल्याचें जाहीर झालें. "आमचे आजे-पणजे कोठें टोचून घेत होते?" असें विचारणारे आज पुष्कळ आहेत. आजे-पणजे टोचून घेत नव्हते तेव्हांच तर त्यांच्या बाळांचीं पुरलेलीं ठिकाणें वाढलीं. जे जगले त्यांचेच आपण नातू. जे मेले त्यांचे नातू आज सभेंत बोलावयास येत नाहींत.

बुवांचा मोठा मुद्दा असा कीं, विषाणू कोणीं डोळ्यांनीं पाहिला? हा प्रश्न आम्हांस वाईट वाटत नाहीं. ऐकीव गोष्टीवर डोकें टेकूं नये हेंच आम्ही आजवर सांगत आलों. पण प्रश्न विचारणारानें उत्तर ऐकण्यापुरतें तरी बसावें. १८९२ सालीं इव्हानोव्हस्की नांवाच्या रशियन शोधकानें तंबाखूचीं रोगट पानें घेतलीं. हिरवे-पिवळे ठिपके पडलेलीं, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचीं. तीं कुटून रस काढला आणि भाजलेल्या चिनी मातीच्या नळींतून गाळला. त्या नळीचीं छिद्रें इतकीं बारीक कीं, सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसणारे सारे जंतू त्यांत अडकून पडतात. गाळलेला रस स्वच्छ. तरी तो निरोगी रोपाला लावला तर तें रोप रोगी झालें. सहा वर्षांनीं बायेरिंक नांवाच्या डच पंडितानें त्या रोगी झाडाचा रस दुसऱ्यास, दुसऱ्याचा तिसऱ्यास असा लावून पाहिला. रोगाचा जोर कमी झाला नाहीं. विष असतें तर पातळ होत होत संपलें असतें. हें संपेना, उलट वाढे. तेव्हां जंतूहूनही लहान आणि झाडाच्या अंगांत वाढणारी अशी कांहीं वस्तू आहे हें डोळ्यांनीं न पाहतांच सिद्ध झालें, जसें सकाळीं ओल्या मातींत उमटलेलें पाऊल पाहून रात्रीं कोण येऊन गेलें हें आपण ओळखतों. पुढें १९३९ सालीं जर्मनींत नव्या जातीच्या यंत्रानें त्याच तंबाखूच्या विषाणूचें चित्रही निघालें. आणि कोरोनाचें? तें २०२० च्या मार्चांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेंत काढलें. लंडन नव्हे, अमेरिका नव्हे. स्वारगेटहून जेथें बस जाते तेथें.

पण एवढ्या लांब तरी कां जावें? भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडत पडत सबंध झाड पिवळें होतें, त्याला तुम्ही केवडा म्हणतां. तो विषाणू, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पपईच्या फळावर गोल कडीं उमटतात आणि बाग दोन वर्षांच्या आंत मोडावी लागते. तोही विषाणू, आणि त्याला पोंचविणारा मावा. केवडा पडलेलें झाड उपटून बांधावर न ठेवतां जाळावें हें ज्या शेतकऱ्याला कळतें, त्याच शेतकऱ्याला सप्त्याच्या मांडवांत बसवून सांगावें कीं विषाणू नाहीं, आणि त्यानें मान डोलवावी? त्या भेंडीला कोणत्या कंपनीनें भीति घातली होती? तिनें मोबाइलवर काय पाहिलें होतें? २०२१ च्या उन्हाळ्यांत माणसें पटापट मरूं लागलीं तेव्हां हीच मंडळी सांगत होती कीं, हा रोग नव्हे, ही फाइव्ह-जीच्या मनोऱ्याची बाधा आहे. ती सेवा आपल्या देशांत सुरू झाली २०२२ च्या ऑक्टोबरांत. बाधा दीड वर्ष आधीं आणि मनोरा मागून! लग्नाआधीं बारसें उरकणारे हे ज्योतिषी, यांच्या शब्दावर आपण लेंकरांचा जीव टांगावयाचा काय?

आतां दुसरी बाजू. ती न सांगितली तर आमच्यांत आणि बुवांत फरक काय राहिला?

गोरगरिबांचा सरकारी औषधावर विश्वास बसत नाहीं, याला सबळ कारणें आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. (तो रोग विषाणूचा नव्हे, जंतूचा, पण अविश्वासाची गोष्ट तीच आहे.) ज्याच्यावर संशय त्याला धरून इस्पितळांत नेत, आणि इस्पितळांत नेलेलें माणूस परत येत नाहीं, तेथें माणसें उलटीं टांगून त्यांची मोमियाई काढतात अशी बातमी चाळीचाळींतून फिरली. त्या ऑक्टोबरांत हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुढच्या सालीं पुण्यांत सोजीर घरांत घुसले, बायाबापड्यांना रस्त्यावर उभें केलें, सामान जाळलें. आणि एक वर्षानें, १८९८ सालीं, सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें कराचीस दाखवून दिलें कीं, प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेमार्फत पसरतो. म्हणजे तो छळ पुष्कळसा फुकटचाच होता. २०२० सालींही प्रेतांतून मूत्रपिंडें काढून विकतात अशी अफवा उठली. मोमियाईचेंच हें नवें नांव. जेथें प्रेताचें तोंड घरच्यांस पाहूं देत नाहींत, बिल मागितलें तर खेकसतात, तेथें अफवा उठल्यावांचून राहत नाहीं. आणि तिचें निम्में पाप खेकसणाराच्या माथीं आहे.

याहून वाईटही झालें आहे. १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल गांवीं हाफकिनची प्लेगची लस एका दिवसांत १०७ जणांस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वातानें मेले. २००९-१० सालीं आंध्रांतल्या खम्मम जिल्ह्यांत व गुजराथेंत बडोद्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावरची लस प्रयोगादाखल टोचली, आणि आश्रमशाळांतल्या गरीब मुलींच्या बाबतींत आईबापांच्या सहीऐवजीं गृहप्रमुखांच्या सह्या घेतल्या. कांहीं मुली दगावल्या. चौकशींत त्यांचे मृत्यू लसीमुळें झाल्याचें निघालें नाहीं. पण अशा रीतीनें सह्या घेणें हा अन्यायच होता, आणि लोकसभा-राज्यसभेच्या समितीनें २०१३ सालीं तो तसाच म्हटला. शहरांतल्या मोठ्यांच्या मुलींवर हा प्रयोग असा झाला असता काय? नसता झाला. हें आम्ही ठासून सांगतों.

पण यांतून निघतें काय? मलकोवालची चौकशी झाली. १०७ पैकीं मेले ते सगळे एकाच बाटलींतून टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांचे लोक जगले. तेव्हां दोष लसीच्या विद्येचा नव्हे, त्या एका बाटलीचें बूच उघडतांना झालेल्या हयगयीचा होता. हाफकिनवर उगीच ठपका आला होता. १९०७ सालीं तो निघाला. ज्यानें १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस पहिल्यांदां स्वतःच्या अंगांत टोचून घेतली, त्याला पांच वर्षें हा कलंक वागवावा लागला. कोणती बाटली, हा प्रश्न खरा शहाणपणाचा. सगळ्याच बाटल्या फोडा, असें म्हणणारा गरिबाचा कैवारी नव्हे.

आमच्या आज्यांच्या काळीं सावकार वहींत एकाचे अकरा लिहीत असे आणि खालीं आंगठा घेत असे. त्यावर आमच्या वडीलधाऱ्यांनीं काय सांगितलें? अंकगणित खोटें आहे, तें टाकून द्या, असें सांगितलें काय? त्यांनीं सांगितलें, पोरांनो, तुम्ही अंकगणित शिका, म्हणजे याची वही तुम्हांस वाचतां येईल. आज दवाखान्याच्या बिलांत लबाडी असेल, आहेच. औषधवाला नफा खातो हेंही खरें. त्यावर तोड ही कीं, लस म्हणजे काय, ती कशी वागते, किती दिवसांनीं काम करते हें आपण शिकावें. बुवा सांगतात तें म्हणजे अंकगणितच जाळण्यासारखें आहे. सावकाराला याहून काय हवें?

आणि ज्यांचीं नांवें आपण मानानें घेतों त्यांनीं त्या प्लेगांत काय केलें? गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायणराव लोखंडे प्लेगच्या रोग्यांसाठीं धांवतां धांवतां ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें गेले. सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या हडपसरकडच्या दवाखान्यांत रोगी पोंचवितां पोंचवितां १० मार्चला गेल्या. रोग आहे कीं नाहीं यावर प्रवचन करीत त्या बसल्या नाहींत.

आतां लंपीकडे वळतों. कारण त्यांत आपलें आजचें नुकसान आहे. २०२२ च्या ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांत रावेर तालुक्यांतून ही साथ उठली आणि पुढें महाराष्ट्रांत पसरली. हा देवीच्याच मोठ्या कुळांतला विषाणू, बोकडांच्या देवीचा सख्खा भाऊ. म्हणून बोकडांच्या देवीची लस गाईबैलांस दिली आणि ती चालली. तो गोमाशी, डांस, गोचीड यांच्या चाव्यांतून पसरतो. माणसाला होत नाहीं. तरी त्या वेळीं दूध ओतून देणारे लोक आम्हीं डोळ्यांनीं पाहिले, आणि गाय आजारी असतां गोठ्यांत धूर न करतां तिच्या गळ्यांत ताईत बांधणारेही पाहिले.

आमच्या माहितींतला एक शेतकरी. बैलजोडी स्वतःच्या पोरांसारखी पाळलेली. लस टोचली कीं बैलाचा खांदा जातो, असा निरोप त्याच्या मोबाइलवर आला, म्हणून टोचणारे आले त्या दिवशीं तो जोडी घेऊन मुद्दाम माळावर गेला. तिसऱ्या आठवड्यांत त्यांतल्या एकाच्या अंगावर सुपारीएवढ्या गांठी उठल्या, पाय सुजले, वैरण सुटली. अकराव्या दिवशीं बैल गेला. सरकारनें त्या सालीं दुभत्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार आणि वासरास १६ हजार रुपये भरपाई ठरविली होती. ती त्याला मिळाली. तेवढ्यांत त्या तोलाचा बैल येत नाहीं, आणि जोडींतला एकटा उरलेला बैल दुसऱ्याशीं जमून चालेना. रब्बीला त्यानें भाड्याचा ट्रॅक्टर लावला. निरोप पाठविणारानें भाडें दिलें नाहीं.

त्याच्या शेजाऱ्यानें लस टोचून घेतली होती, तरी त्याचें एक वासरूं गेलें. हेंही आम्ही लपवीत नाहीं. बुवांच्या लोकांनीं त्या वासराचें नांव पंचक्रोशींत फिरविलें. पण लस टोचल्यावर अंगांत शक्ति येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, आणि विषाणू अंगांत शिरल्यावर गांठी दिसण्यासही कधीं कधीं चार आठवड्यांपर्यंत लागतात. रोग आधींच शिरलेला असेल तर सुई काय करणार? नदीला पूर आल्यावर बांध घालणाराची जी गत, तीच उशिरां टोचणाराची. आणि उशीर कोणाचा? बहुतेक ठिकाणीं सरकारचा. पंधरा-वीस गांवांना एक गुरांचा डॉक्टर, तोही बदलीची वाट पाहणारा. आमच्याच भागांत एका टोचणारानें एकच सुई ओळीनें दहा-बारा गुरांस वापरलेली आम्हीं पाहिली आणि टोकलें, तर तो म्हणाला, "तुम्हांला काय कळतें?" हेंच तें उद्दाम उत्तर, ज्यावर बुवांचें दुकान चालतें. सुई बदला म्हणून आम्हीं हटून बसल्यावर मात्र त्याच्या पिशवींतून नव्या सुया निघाल्या.

गोवराची लस टाळणाऱ्या आईबापांस आणखी एक गोष्ट सांगतों. गोवराचा विषाणू आणि बुळकांडीचा विषाणू हे एकाच घराण्यांतले. शास्त्रज्ञ म्हणतात, फार जुन्या काळीं गुरांतूनच तो माणसांत आला. गुरांतला भाऊ आपण मारला. माणसांतला अजून जिवंत आहे. २०२२ च्या हिवाळ्यांत मुंबईंत गोवंडीच्या झोपडपट्टींत त्यानें लहान लेंकरें नेलीं. तेथें लस चुकलेलीं मुलें पुष्कळ होतीं. कांहींची टाळेबंदींत चुकली, कांहींची घरच्यांनीं चुकविली. मलबार हिलचीं मुलें तेव्हां मेलीं नाहींत. तेथल्या बायका मोबाइलवर काय वाचतात तें वाचोत. मुलांना लस मात्र वेळच्या वेळीं टोचून घेतात.

तेव्हां ज्यांनीं पत्रें लिहिलीं त्यांनीं लंपीची लस पावसाळ्याआधीं मागून घ्यावी, साथ गांवांत आल्यावर नव्हे. टोचणारा आला म्हणजे बाटली बर्फाच्या पेटींत आहे काय हें पाहावें, बाटलीवरची तारीख पोराकडून वाचून घ्यावी, प्रत्येक जनावराला नवी सुई मागावी, आणि न दिली तर जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीची नक्कल आमच्याकडे धाडावी. आजारी जनावर वेगळें बांधावें, गोठ्यांत संध्याकाळीं कडुनिंबाचा धूर करावा, गोचीड वेंचावे. दूध उकळून प्यावें, ओतूं नये.

बुवांचा मुक्काम आतां कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यांच्या गांवीं ते पुढें जातील त्यांनीं प्रसाद घेतांना एवढेंच विचारावें कीं, महाराज, आपल्या नातवाचें लसीचें कार्ड दाखवितां काय? काय उत्तर मिळालें तें आम्हांस कळवावें, छापूं.